वऱ्हाडांतील मापें आणि हिशेब

दिवाळी आटोपली, कीं वऱ्हाडच्या रस्त्यांवर कापसाच्या गाड्या दिसूं लागत. ऊन चढण्यापूर्वीं गाडी अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या बाजारांत पोंचावी, म्हणून बैल रात्रींच जुंपले जात. गाडीवर बसलेल्या शेतकऱ्यास आपल्या मालाची पुरती ओळख असे. कोणत्या शेतांतला, कितव्या वेचणीचा, पाऊस लागलेला कीं कोरडा, हें तो मूठभर कापूस हातांत घेऊन सांगूं शके. त्या गाडीचे रुपये किती होतील, हें मात्र त्याला सांगतां येत नसे. गाडी आणि रुपये यांच्यामध्यें मणाची खंडी, खंडीचे पौंड, पौंडांतून निघणारी रुई आणि रुपयांचे आणे अशीं चार-पांच गणितें उभीं असत, आणि तीं सोडविणारा मनुष्य बहुधा पलीकडे गादीवर बसलेला असे. शाळेंत ज्यांना त्रैराशिक व समीकरण म्हणतात, त्यांचा संबंध वऱ्हाडांत असा थेट वर्षाच्या कमाईशीं होता.

घोटाळ्याचें मूळ ‘मण’ या एका शब्दांत सांपडतें. रेल्वेच्या मालधक्क्यावर मण म्हणजे चाळीस शेरांचा पक्का मण. १८० ग्रेनांचा तोळा, ८० तोळ्यांचा शेर व ४० शेरांचा मण अशी ही सरकारी परंपरा. इंग्रजी वजनांत त्या मणाचे ८२ पूर्णांक दोन सप्तमांश पौंड होत. मुंबईच्या व्यापारांतला मण अवघा २८ पौंडांचा. इतर मालाची खंडी अशा वीस मणांची धरीत. कापसाची खंडी मात्र अठ्ठावीस मणांची, म्हणजे ७८४ पौंडांची. वऱ्हाडचा कापूस मुंबईस जावयाचा, तेव्हां त्याचा भाव खंडीवर बोलला जाई, आणि आगगाडीचें भाडें पक्क्या मणावर द्यावें लागे. एकाच गांठीला बाजारांत एक मण आणि स्टेशनांत दुसरा!

आतां एक साधा हिशेब पाहावा. एखाद्या शेतकऱ्याजवळ दहा पक्के मण माल आहे असें समजा. त्याचे पौंड ८२२ पूर्णांक सहा सप्तमांश झाले. त्यांस ७८४ नीं भागिलें असतां एक खंडी पुरी होऊन वर जवळजवळ ३९ पौंड उरतात. ‘दहा मण म्हणजे खंडीच कीं!’ असें कोणीं सहज म्हटलें व शेतकऱ्यानें तितक्याच सहजपणें मान हलविली, तर हे ३९ पौंड गेले. खंडीचा भाव शंभर रुपये धरला, तर त्यांची किंमत सुमारें चार रुपये पंधरा आणे होते. यांत वजन खोटें नाहीं व कांट्याला कोणाचा हातहि लागलेला नाहीं. एक अपूर्णांक तेवढा सोडून दिला आहे.

असे अपूर्णांक जिभेवर ठेवण्याची विद्या महाराष्ट्रांत जुनी होती. पंतोजीच्या शाळेंत संध्याकाळीं परवचा चाले, आणि त्यांत साध्या पाढ्यांच्या पाठोपाठ पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी येत. औट म्हणजे साडेतीन. साडेतिनाचा पाढा मुलांकडून घोकून घेणें आज हास्यास्पद वाटतें. परंतु ज्या बाजारांत रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि शेराचे पाव व छटाक आहेत, तेथें हा पाढा म्हणजे खिशांत बाळगण्याचें हत्यार होतें. त्यावर बसविलेल्या युक्त्या तर फारच सुरेख होत्या. मणाचा भाव जितके रुपये, अडीच शेरांस तितके आणे, ही त्यांपैकीं एक. कारण उघड आहे. रुपयाचा सोळावा हिस्सा आणा, आणि चाळीस शेरांचा सोळावा हिस्सा अडीच शेर. ज्वारी साडेसात रुपये मण असली, तर पांच शेरांचे पंधरा आणे, हें अक्षरशत्रु बाईहि दुकानाच्या पायरीवर उभ्या उभ्या सांगे. शेराचा भाव रुपयांत दिला असेल, तर पांच तोळ्यांच्या छटाकास तितकेच आणे. दोन्ही बाजूंस एकाच संख्येनें भागिलें तरी समता मोडत नाहीं, हा समीकरणाचा पहिला नियम अशा रीतीनें नांव न घेतां घरोघर वापरांत होता.

या विद्येची दुबळी बाजू एकच होती. शेर ठरलेला असेल तोंवरच ती खरी. धान्य तर वजनानें न देतां मापानें देत, आणि शेर, अधोली, पायली, कुडव यांचीं भांडीं गांवोगांव निराळीं असत. शिवाय माप सपाट कीं शिगेचें, हा तंटा वेगळाच. घेतांना शीग लावावी व देतांना हात फिरवावा, ही युक्ति कोणालाहि शिकवावी लागत नसे. अशा ठिकाणीं पाठ केलेला पाढा कामास येत नाहीं. तेथें खळ्यावरच्या राशीचाच आकार मोजला पाहिजे.

तो मोजण्याची रीति भास्कराचार्यांनीं ११५० च्या सुमारास लिहून ठेविली आहे. त्यांच्या लीलावतीचा आरंभच मापांच्या कोष्टकांनीं होतो. वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा निष्क. रुपया-आण्यांतले सोळा तेथें आधींच बसलेले दिसतात. पुढें राशिव्यवहार नांवाचें प्रकरण आहे. सपाट जमिनीवर ओतलेल्या भरड धान्याच्या राशीची उंची तिच्या परिघाच्या दहाव्या भागाइतकी धरावी, बारीक धान्याची अकराव्या, आणि कुसळाच्या धान्याची नवव्या. मग परिघाच्या सहाव्या भागाचा वर्ग करून त्यास उंचीनें गुणावें, म्हणजे घनहात येतात. परिघ साठ हात असेल, तर भरड धान्याचे ६०० घनहात, बारीक धान्याचे ५४५ पूर्णांक पांच अकरांश आणि कुसळाच्या धान्याचे ६६६ पूर्णांक दोन तृतीयांश. शिडी नको, पायली नको. एका दोरीनें सारें काम झालें. रास भिंतीला टेकलेली असेल तर मोजलेला परिघ दुप्पट करावा, आंतल्या कोनांत असेल तर चौपट, बाहेरच्या कोपऱ्याभोंवतीं असेल तर सव्वापटीहून थोडा अधिक म्हणजे एक पूर्णांक एक तृतीयांश पट करावा, आणि शेवटीं फळास त्याच संख्येनें भागावें. रास कोठें रचावी याचा इतका बारीक विचार ज्यानें केला, त्यानें खळें डोळ्यांनीं पाहिलेलें होतें यांत शंका नाहीं.

या रीतींत परिघ व्यासाच्या तिप्पट धरला आहे. शंकूच्या सूक्ष्म गणितानें पाहिलें तर वरच्या ६०० घनहातांच्या जागीं सुमारें ५७३ च भरतात. भास्कराचार्यांना याहून सूक्ष्म प्रमाण ठाऊक होतें व त्यांनीं तें त्याच ग्रंथांत दिलेंहि आहे. खळ्यासाठीं त्यांनीं स्थूल रीति पुरेशी मानली. राशीवरून कोणाला वांटा द्यावयाचा असेल, तर या शेंकडा साडेचारांच्या फरकाचा भार शेतकऱ्यावर पडे, हें ध्यानांत ठेवलें पाहिजे.

राशीचें गणित करतांना अज्ञात एकच असतें आणि तें शेवटीं आपोआप बाहेर येतें. जेथें अज्ञात हिशेबाच्या मधोमध अडकून बसतें, तेथें बीजगणित लागतें. भास्कराचार्यांच्या दुसऱ्या ग्रंथाचें नांवच तें आहे. अज्ञाताला ते ‘यावत्तावत्’ म्हणतात, म्हणजे ‘जितकें असेल तितकें’. अज्ञातें अधिक झालीं तर काळें, निळें अशीं रंगांचीं नांवें देतात. त्यांतलें एक उदाहरण असें आहे. एका मनुष्याजवळ तीनशें नाणीं व सहा घोडे आहेत. दुसऱ्याजवळ तशाच किंमतीचे दहा घोडे आहेत, पण त्याच्या डोक्यावर शंभर नाण्यांचें कर्ज आहे. दोघांची दौलत सारखी आहे. तर घोड्याची किंमत काय? दोन्हीकडून सहा-सहा घोडे काढले, दोन्हीकडे शंभर-शंभर नाणीं घातलीं, कीं चार घोडे बरोबर चारशें नाणीं उरतात, आणि घोडा शंभराचा ठरतो. घोड्यांच्या जागीं बैल घातले, तर हें उदाहरण वऱ्हाडांतील कोणत्याहि दोन शेजाऱ्यांचें होईल, कर्जासकट.

आणि या ग्रंथावर अत्यंत मार्मिक टीका लिहिणारा पंडित वऱ्हाडच्याच घराण्यांतला निघावा, हा योग लक्षांत घेण्यासारखा आहे. कृष्ण दैवज्ञ यांचें घराणें विदर्भांत पयोष्णीच्या तीरीं असलेल्या दधिग्रामचें. पयोष्णी म्हणजे पूर्णा, असें सामान्यतः मानतात. कृष्णांचे वडील बल्लाळ काशीस जाऊन राहिले, आणि पुढें त्या घरांत गणित व ज्योतिष यांची परंपराच चालली. कृष्णांचे बंधु रंगनाथ यांनीं १६०३ त सूर्यसिद्धांतावर टीका पुरी केली, आणि रंगनाथांचे पुत्र मुनीश्वर यांनीं लीलावतीवर. कृष्णांना जहांगीर बादशहाचा आश्रय होता. बीजगणितावरील त्यांची टीका सतराव्या शतकाच्या आरंभाची आहे. तिचा विशेष हा, कीं नियम सांगून ती थांबत नाहीं. प्रत्येक नियमाची उपपत्ति देते. ऋण संख्या म्हणजे काय, हें समजावतांना ते देश, काल व वस्तु असे तीन मार्ग दाखवितात. पूर्वेकडील चाल धन धरली तर पश्चिमेकडील ऋण. त्याचप्रमाणें भूत व भविष्य. त्याचप्रमाणें स्वतःच्या मालकीची वस्तु व दुसऱ्यास देणें असलेली. युरोपांतले कित्येक गणिती तेव्हां ऋण संख्येला खोटी म्हणून दूर ठेवीत होते, आणि पूर्णातीरच्या या घराण्यांतला पंडित ती सावकाराच्या वहीइतकी सहज समजावून देत होता. खेद एवढाच, कीं ही विद्या संस्कृतांत आणि काशींत राहिली. दधिग्रामच्या शेतकऱ्यानें आपल्या खात्यावरील ऋण ओळखलें, पण तें सोडवावयाचें कसें हें त्यास कोणीं सांगितलें नाहीं.

तीं खातीं पुढें फारच वाढलीं. १८५३ च्या तहानें निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हातीं आला. १८६१ त अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस लँकेशायरला जाईनासा झाला, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे साऱ्या व्यापारी जगाचे डोळे लागले. १८६७ त आगगाडी नागपुरास पोंचली. १८७० त लॉर्ड मेयो यांनीं खामगांवच्या शाखेचें उद्घाटन केलें. खामगांव त्या काळीं अकोला जिल्ह्यांत होतें. अशा रीतीनें लिव्हरपूलच्या पेढीवर पेनींत ठरलेला पौंडाचा भाव, मुंबईस रुपयांत ठरलेला खंडीचा भाव आणि मूर्तिजापूरच्या गाडीवाल्याचा मण एका सांखळीनें बांधले गेले. सांखळीच्या प्रत्येक कडीजवळ एक गुणाकार होता, आणि प्रत्येक गुणाकाराजवळ एक मध्यस्थ. अडत, दलाली, तोलाई, धर्मादाय, कडता, अशीं नांवें लावून पट्टींतून रकमा वजा होत. भावहि उघड बोलला जात नसे. रुमालाखालीं बोटें दाबून तो ठरे. ज्याचा माल, त्याच्याच समोर, आणि त्याला न कळतां!

याला आळा घालण्याचा देशांतील पहिला प्रयत्न वऱ्हाडांतच झाला, ही गोष्ट वऱ्हाडांतहि पुष्कळांस ठाऊक नसते. हैदराबादच्या रेसिडेंटाच्या हुकुमानें १८८६ त कारंजा येथें नियंत्रित बाजार सुरू झाला. कारंजा तेव्हां अमरावती जिल्ह्यांत होतें, १९०५ च्या फेररचनेंत तें अकोल्याकडे गेलें, आणि आज वाशीम जिल्ह्यांत आहे. त्यानंतर १८९७ त वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. बाजारावर समिति आली, दलाल व मापारी यांना परवाना लागूं लागला. मात्र समितींत व्यापारी होते, नगरपालिकेचे प्रतिनिधि होते. पिकविणाऱ्यालाच जागा नव्हती. १९२८ च्या शेतकी कमिशननें वऱ्हाडच्या बाजारांची वाखाणणी केली आणि नेमक्या याच उणीवेवर बोट ठेविलें.

मापाऱ्यावर एवढा कटाक्ष कां, हें समजण्यास कांट्याकडे पाहावें. लांकडी दांडीच्या तराजूच्या दोन्ही भुजा सारख्या नसल्या, तर पासंग लावून रिकामीं पारडीं समतोल दाखवितां येतात, आणि लांबीचा दोष झांकला जातो. तो उघडा पाडण्याचा उपाय म्हणजे माल पारडें बदलून दुसऱ्यांदा तोलणें. ठळक उदाहरण घ्यावयाचें, तर एका पारड्यांत वजन ३६ शेर भरलें व दुसऱ्यांत ४९ शेर. खरें वजन किती? पुष्कळजण सरासरी काढून साडेबेचाळीस म्हणतील. तें चूक आहे. खरें वजन यावत्तावत् धरून दोन्ही तोलांचीं समीकरणें मांडावीं व त्यांचा गुणाकार करावा, म्हणजे भुजांच्या लांब्या दोन्हीकडून उडून जातात. यावत्तावताचा वर्ग ३६ गुणिले ४९, म्हणजे १७६४ उरतो, आणि वजन बरोबर ४२ शेर येतें. भुजा किती लांब, हें जाणण्याची गरजहि पडत नाहीं.

जमिनीच्या मापांत वऱ्हाडचें दैव जरा बरें होतें. १८६० नंतरच्या दशकांत मुंबईच्या पद्धतीनें मोजणी झाली, तिची सांखळी ३३ फुटांची असे व तिचे भाग सोळा आणे म्हणत. एक सांखळी लांब व एक सांखळी रुंद, म्हणजे १०८९ चौरस फूट, तो गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. पुढें सातबाऱ्यावर हेक्टर व आर आले, तेव्हां फारसा गोंधळ झाला नाहीं, कारण गुंठा आणि आर यांच्यांत शेंकडा सव्वाचाच फरक आहे. हेक्टराचे २ एकर व सुमारें १९ गुंठे, इतकें लक्षांत ठेवलें कीं पुरे.

नाणीं आणि वजनें बदललीं, तेव्हां मात्र घराघरांत गणिताचा तास भरला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नये पैसे झाले. आण्याचे सव्वासहा, पण पाव पैसा कोठून आणावा? म्हणून एका आण्याचे ६, दोहोंचे १२, तिहींचे १९ आणि चार आण्यांचे २५ असें कोष्टक लागलें. चार जिन्नस आण्याआण्यानें घेतले तर चोवीस पैसे, एकदम घेतले तर पंचवीस. ही गंमत मुलांनीं आधीं ओळखली व वडीलधाऱ्यांनीं मागाहून. १९५८ च्या ऑक्टोबरांत मेट्रिक वजनें येऊं लागलीं व १९६२ पर्यंत जुनीं बेकायदा ठरलीं. शेर ९३३ ग्रॅमांचा, तोळा ११.६६ ग्रॅमांचा आणि पक्का मण ३७.३२ किलोग्रॅमांचा. अडीचकी व औटकी एका पिढींत विस्मृतींत गेल्या. किलोचा भाव जितके रुपये, दहा ग्रॅमांस तितके पैसे, अशी नवी युक्ति त्यांच्या जागीं बसली. जुन्या युक्तीचीच ती धाकटी बहीण.

खंडी तेवढी गेली नाहीं. रुईचा भाव मुंबईच्या व्यापारांत आजहि खंडीवर बोलला जातो. फक्त ती ३५५.६२ किलोग्रॅमांची म्हणून लिहितात. हा आंकडा चमत्कारिक वाटतो खरा, पण तो त्याच जुन्या ७८४ पौंडांचा आहे. शेतकऱ्याचा कापूस मात्र क्विंटलावर जातो. म्हणजे दोन मापें आणि त्यांच्यामध्यें एक हिशेब, ही स्थिति अजून कायम आहे.

हा हिशेब आजच्या आंकड्यांनीं मांडावयाचा तर असा. समजा, रुई खंडीस ५६,००० रुपये आहे, म्हणजे किलोस १५७ रुपये ४७ पैसे. सरकी किलोस ३० रुपये. आणि जिनिंगपासून गांठीपर्यंतचा खर्च क्विंटलामागें २५० रुपये. क्विंटलभर कापसांतून ३४ किलो रुई व ६५ किलो सरकी निघाली आणि एक किलो तूट गेली. रुईचे ५,३५४, सरकीचे १,९५०, खर्च वजा जातां कापसाचा भाव ७,०५४ रुपये यावयास हवा, आणि त्यांतून व्यापाऱ्याचा नफा निघावयाचा. एवढें गणित आज गांवच्या शाळेंतला मुलगा मोबाइलवर करूं शकतो. परंतु यांत दुसरें एक यावत्तावत् दडलेलें आहे, तें म्हणजे उतारा, क्विंटलामागें निघणारी रुई. ती ३४ ऐवजीं ३५ किलो निघाली आणि सरकी तितकीच कमी झाली, तर क्विंटलाची किंमत सुमारें १२७ रुपयांनीं वाढते. ३६ निघाली तर २५५ रुपयांनीं. वीस क्विंटलांच्या एका खेपेंत हा फरक पांच हजारांवर जातो. लिलावाच्या वेळीं कापसाची ओल यंत्रानें पाहतात, धाग्याची लांबी हातानें ओढून पाहतात, उतारा मात्र अंदाजानें धरतात. तो खरा किती होता, हें कळतें जिनिंग झाल्यावर, आणि तोंवर शेतकरी पट्टी खिशांत घालून गांवीं परत गेलेला असतो.